बायोटेकचा इतिहास, क्यूसीच्या टेबलावरून

बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की बोलणं ठरलेल्या वळणाने जातं. "रिसर्चमध्ये जायचंय." आणि नाही जमलं तर? "मग काय, क्यूसी." क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग. हे ‘मग काय’ ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर ऐरोली ते तुर्भे पट्ट्यात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. मी ठाण्याची, शिक्षणही इथलंच, आणि सध्या रबाळ्याच्या बाजूला एका बायोफार्मा कंपनीत मायक्रोबायोलॉजी क्यूसी बघते. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय, पण सुरुवात पगार-पॅकेजने करणार नाही, इतिहासाने करणार आहे. पहिल्याच सेमिस्टरला जी माइलस्टोन्सची सनावळी असते आणि जी सगळेजण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात, ती जरा खोलात जाऊन वाचा. यातले कितीतरी टप्पे शोध लागला त्या दिवशी पूर्ण झालेच नाहीत. ते अडकले शुद्धीकरणात, दूषित मालात, मोठ्या प्रमाणावर बनवण्यात. आणि तिथेच आज आमच्यासारख्यांचं पोट चालतं.

इन्सुलिनचं घ्या. पुस्तकात एक ओळ: १९२१, टोरंटो, बँटिंग आणि बेस्ट. पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. साखर थोडीफार उतरली, पण अर्क इतका अशुद्ध होता की टोचलेल्या जागी गळू झालं आणि उपचार थांबवावे लागले. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण वाढवत वाढवत नेलं आणि नेमक्या कुठल्या टप्प्यावर नको ती प्रथिनं खाली बसतात आणि कुठे इन्सुलिन स्वतः खाली बसतं, ते पकडलं. २३ जानेवारीला त्याच मुलाला हा शुद्ध अर्क दिला, आणि तो लागू पडला. नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं. कॉलिपच्या वाट्याला मॅक्लाउडने आपल्या रकमेतला अर्धा हिस्सा दिला तेवढाच.

खरी गंमत पुढे आहे. जास्त माल बनवायला घेतला तर कॉलिपला स्वतःचीच पद्धत पुन्हा जमेना. काही आठवडे टोरंटोत इन्सुलिनचा ठणठणाट होता. आमच्याकडे आज हे घडलं तर डेव्हिएशन (ठरल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाची नोंद) उघडलं जातं, रूट कॉज शोधण्याच्या मीटिंगा होतात आणि प्रॉडक्शनवाले व क्यूसीवाले एकमेकांकडे बोट दाखवतात. तेव्हा वाट काढली ती एली लिली कंपनीच्या जॉर्ज वॉल्डनने. पीएच इन्सुलिनच्या आयसोइलेक्ट्रिक पॉइंटजवळ (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तिथे) आणला की ते आपसूक खाली बसतं, हे त्याने वापरलं. आयसोइलेक्ट्रिक पॉइंट म्हणजे काय हे तुम्ही पाठ केलेलं असतं. तो कुणाच्या पोटापाण्याचा, कुणाच्या जिवाचा प्रश्न सोडवायला उपयोगी पडला हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

याच इन्सुलिनची दुसरी पायरी म्हणजे १९७३ चा कोहेन-बॉयर प्रयोग (दुसरा जीन जिवाणूत घालण्याचा), १९७६ ला जेनेन्टेक कंपनी, १९७८ ला जिवाणूत बनवलेलं मानवी इन्सुलिन आणि १९८२ ला त्याला अमेरिकेत मंजुरी. ए आणि बी साखळ्या वेगवेगळ्या ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवून मग जोडल्या होत्या. मुलाखतीत इथेच प्रश्न येतो: इन्सुलिन ई. कोलायमध्ये चालतं, मग अँटिबॉडी सीएचओ (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) पेशींमध्ये का? इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, त्यावर साखरेची साखळी चढवायची गरज नाही. अँटिबॉडीला ती लागते आणि ई. कोलाय ती नीट चढवत नाही. १९८७ ला मंजूर झालेलं टीपीए (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध) हे सस्तन प्राण्याच्या पेशींत बनवलेलं पहिलं रिकॉम्बिनंट औषध, तेही सीएचओमध्येच. सनावळी आणि टेक्निकल राउंड हे दोन वेगळे विषय नाहीत, हे सांगायला एवढं उदाहरण पुरे.

पेनिसिलिनबद्दल थोडक्यात. फ्लेमिंगला १९२८ ला बुरशी दिसली, पण औषध हातात यायला पुढची बारा-तेरा वर्षं गेली. ऑक्सफर्डला नॉर्मन हीटलीने आम्ल पाण्यातून द्रावकात आणि तिथून पुन्हा उदासीन पाण्यात अशी पेनिसिलिनची ने-आण करून ते शुद्ध केलं. बुरशी वाढवायला चक्क रुग्णांची बेडपॅन वापरली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते दिलं तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून निघून गेलेलं पेनिसिलिन गाळून परत वापरत होते. तरी ते संपलं आणि तो दगावला. हीटलीचं नाव नोबेलच्या यादीत नाही. आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच कामासाठी, आणि तिथे फर्मेंटर सांभाळलेले जुने लोक अजूनही भेटले तर त्यांच्याशी बोला. पुस्तकात नसलेलं बरंच कळेल.

आता मुंबईची गोष्ट, जी मला सगळ्यांत जवळची वाटते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस बनवायची पद्धत बघा: फ्लास्कमध्ये ब्रॉथ, वर तुपाचे थेंब. प्लेगचे जिवाणू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढायचे. फ्लास्क हलवला की ते तळाशी पडायचे आणि वर नवी वाढ सुरू व्हायची. भरपूर पीक आलं की उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालून ठेवायचे. तुपावरचं हे फर्मेंटेशन मला आजही कौतुकाचं वाटतं.

१९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी या लशीने घात केला. १०७ जणांना टोचली, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले, ५३ एन क्रमांकाची बाटली. चौकशीने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं आणि हाफकिन यांना बाजूला केलं गेलं. पुढे पुरावे बारकाईने तपासले गेले. बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला होता, हे साक्षीत आलेलं होतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे लोक हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षं. १९२५ पासून परळची संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. ठाण्याहून लोकलने परळला उतरून आचार्य दोंदे मार्गाने गेलात तर हाफकिन आणि केईएम रुग्णालय एकाच रस्त्यावर आहेत. केईएमचं नाव आलंच आहे तर, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलेला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ याच परिसरातला. एच अँटिजेनच नसलेलं रक्त. क्रॉस-मॅचिंग पुन्हा पुन्हा का जुळत नाही, याचा कुणीतरी पिच्छा पुरवला म्हणून तो सापडला.

मलकोवाल मला रोज आठवतं, कारण आमच्या लॅबमधली स्टेरिलिटी टेस्ट म्हणजे त्या बाटलीला दिलेलं उत्तर आहे. इंजेक्शनच्या प्रत्येक बॅचमधले नमुने दोन माध्यमांत घालायचे. फ्लुइड थायोग्लायकोलेट ३० ते ३५ अंशांवर, सोयाबीन-केसिन डायजेस्ट २० ते २५ अंशांवर, आणि १४ दिवस वाट बघायची. थायोग्लायकोलेटच्या नळीत वरच्या बाजूला एक गुलाबी पट्टा दिसतो. तिथवर हवा पोचली आहे. त्याच्या खालचा फिकट पिवळा भाग हवेविना जगणाऱ्या जिवाणूंसाठी. धनुर्वाताचा जिवाणू असता तर तिथे, खाली वाढला असता. वापरण्यापूर्वी गुलाबी रंग वरच्या एक तृतीयांश भागाच्या खाली उतरलेला दिसला तर नळी तशीच घ्यायची नाही. नवीन मुलं हा पट्टा बघतात, नोंदवतात, पण तो का बघतोय हे विचारलं की गप्प. एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहिलंय म्हणून, हे उत्तर ऑडिटरसमोर चालत नाही.

तसंच एंडोटॉक्सिनचं. ई. कोलायमधून औषध काढलं की त्याच्या भिंतीचे तुकडे मागे राहतात आणि ते माणसाला हुडहुडी भरवतात. ऑटोक्लेव्ह केल्याने (दाबाखालच्या वाफेत ठेवल्याने) जिवाणू मरतो, एंडोटॉक्सिन जात नाही. त्यासाठी काचसामान २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत ठेवावं लागतं. पूर्वी ही तपासणी सशांना टोचून, त्यांना ताप येतो का बघून व्हायची. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये दाखवलं की हॉर्सशू क्रॅबचं निळं रक्त जिवाणूंमुळे गोठतं, आणि त्यातून एलएएल चाचणी आली. ३७ अंशांवर तासभर नळी ठेवायची, मग अलगद, धक्का न लावता उलटी करायची. गोळा तळाला चिकटून राहिला तर पॉझिटिव्ह, घरंगळला तर निगेटिव्ह. बाजूच्या टेबलावर सेंट्रिफ्यूज थरथरत असेल तर जमू घातलेला गोळा मोडतो आणि पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसतो. म्हणून त्या बाथजवळ आम्ही कुणाला फिरकू देत नाही. नवीन जॉइनी याला शिष्टपणा समजतात.

खारघरचं ॲक्ट्रेक माहीत असेलच. खानोलकरांनी १९५२ मध्ये परळला घडवलेलं कर्करोग संशोधन केंद्र पुढे २००२ मध्ये इथे हललं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली नेक्सकार-१९ ही देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगपेशींवरचं सीडी-१९ प्रथिन ओळखणारा रिसेप्टर बसवायचा, वाढवायच्या आणि परत द्यायच्या. म्हणजे एक रुग्ण, एक बॅच. बॅच फेल झाली तर फेकून दुसरी घ्या असं म्हणायची सोय नाही, आणि अशा उपचारांत पेशी ताज्या द्यायच्या असतील तर १४ दिवसांची स्टेरिलिटी परवडत नाही, जलद पद्धती लागतात. पुढच्या दहा वर्षांत क्यूसीतलं सगळ्यांत डोकं चालवणारं काम इथे असेल, असं माझं मत आहे. ज्यांना ‘मग काय, क्यूसी’ म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

अभ्यासाचं म्हणाल तर जॅम असो, गॅट-बी असो की नेट, या परीक्षांत सन क्वचित विचारतात, प्रयोग विचारतात. प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न लावा: अडचण काय होती, कंट्रोल काय होता, आणि हा निकाल दुसऱ्या कशाने लागला नसेल हे कसं सिद्ध केलं? एव्हरीचा १९४४ चा प्रयोग यासाठी उत्तम. निरुपद्रवी जिवाणूला घातक बनवणारा एक अर्क होता. त्याला प्रथिनं तोडणारं एन्झाइम लावलं, गुणधर्म टिकला. आरएनए तोडणारं लावलं, टिकला. डीएनए तोडणारं लावलं, गेला. हर्शी-चेस, मेसेलसन-स्टाल, सगळ्यांना हीच चाळणी लावा. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) वाचताना ती शोधणाऱ्या म्युलिसवर थांबू नका. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला, उष्णता सोसणारं एन्झाइम देणारा जिवाणू थर्मस ॲक्वाटिकस ब्रॉक आणि फ्रीझ यांनी आधीच शोधून ठेवला नसता तर प्रत्येक चक्राला नवं एन्झाइम घालत बसावं लागलं असतं.

क्लासच्या नोट्सवर माझा फारसा विश्वास नाही. ज्यांना घरी जागा नाही त्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसावं; १८९३ ची संस्था आहे, मुंबईत प्लेग यायच्या आधीची.

नोकरीचं शेवटी, कारण ते लवकर संपतं. महापे, रबाळे, पावणे या भागात वॉक-इन असतात तेव्हा गर्दी होते, आणि फ्रेशरला बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर घेतात. ऑफर हातात आली की एवढं विचारून घ्या: पगारपत्रक कंपनीचं की कंत्राटदाराचं, क्यूसीत मायक्रो-केमिकल-इन्स्ट्रुमेंट असं रोटेशन मिळतं का, आणि रात्रपाळी किती. वर्षभर नुसतं मीडिया (जिवाणू वाढवायची माध्यमं) बनवायला लावतात अशा जागा आहेत, तिथून दीड वर्षात निघा. प्रोजेक्टची नोंदवही मुलाखतीला घेऊन जा. खाडाखोड झाकायला व्हाइटनर लावलेलं पान असेल तर तेही तसंच राहू द्या, पण विचारलं तर आता काय कराल ते सांगता आलं पाहिजे: एकच आडवी रेघ, सही, तारीख, कारण. आणि रात्रपाळी स्वीकारण्याआधी ट्रान्स-हार्बर लोकलचं वेळापत्रक बघून घ्या; शेवटची गाडी चुकली तर कंपनीची बस ठाण्यात कुठे सोडते हे एचआरला लेखी विचारलेलं बरं.