व्यंगचित्रातलं जहाज कसं वाचावं

बेळगावातनं समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जावं लागतं. तरी निवडणूक आली की आपल्या पेपरात जहाजं, शिडं, भोक पडलेल्या होड्या यांची दाटी होते. बहुतेक जण पुढाऱ्याचा चेहरा ओळखतात, हसतात आणि पान उलटतात. चेहरा शेवटी बघायचा.

आधी सुकाणू शोधा. ते कुणाच्या हातात आहे आणि तो कुठं बघतोय, लाटेकडं की मागं बसलेल्यांकडं? मग पाणी उपसणारा शोधा. सुकाणू म्हणजे सत्ता हे शाळकरी पोरालाही कळतं, पण उपसणाऱ्याला चित्रकारानं नाक-डोळे दिलेत का बघा. बरेचदा दिलेले नसतात. तो आपण.

यानंतर दर्यावर्दी माणूस या चित्राला काय म्हणेल, ते विचारा. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. २९ मार्च १८९० च्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात व्यंगचित्रकार जॉन टेनिएलचं ‘ड्रॉपिंग द पायलट’ आलं. जर्मनीचा कारभार चालवणारा म्हातारा चॅन्सेलर बिस्मार्क जहाजाची शिडी उतरतोय आणि तरुण कैसर, म्हणजे सम्राट, दुसरा विल्हेल्म कठड्यावरनं खाली बघतोय. बातमी एवढीच, की १८८८ मध्ये गादीवर आलेल्या कैसरनं ७४ वर्षांच्या चॅन्सेलरला घरी बसवलं. पण बंदरातला पायलट म्हणजे वाटाड्या. तिथले खडक, गाळ, भरती-ओहोटी त्याला पाठ. जहाज खुल्या पाण्याला लागलं, की तो उतरतो. त्यात अपमान नाही, रोजचं काम आहे. मग बिस्मार्कचं काम संपलं म्हणून तो उतरला, की खडक अजून पुढंच असताना उतरवला? टेनिएल सांगत नाही. कैसर वर एकटाच आहे. हे चित्र इतकी वर्षं टिकलं ते या न सांगण्यामुळं, असं मला वाटतं.

कोण काय ते सांगणाऱ्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेली चित्रं असतील तर त्या अंगठ्यानं झाका. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या १७९३ च्या चित्रात ब्रिटनचा पंतप्रधान पिट ‘कॉन्स्टिट्यूशन’ (राज्यघटना) नावाची होडी हाकतोय. एका बाजूला फ्रेंच क्रांतीची लाल टोपी घातलेला खडक, दुसरीकडं उलट्या मुकुटाचा भोवरा. इकडं आड, तिकडं विहीर. चिठ्ठी झाकली तरी पेच कळतो. चिठ्ठी झाकल्यावर नुसतीच होडी उरत असेल तर चित्र कच्चं, खुशाल पान उलटा.

आता पाणी. लाट म्हणजे जनता, महागाई, की विरोधक? आणि ती खरोखर बुडवेल अशी काढलीय, की नुसती नक्षी? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर चिकोडी-अथणीकडच्या गावांत शिरला. तिथल्या माणसाला होडी म्हणजे उपमा वाटत नाही, त्यामुळं तिथं नक्षीची लाट लगेच उघडी पडते.

शेवटची पायरी सीमाभागात फुकट मिळते. वाचनालयात एकाच दिवसाचा मराठी आणि कन्नड पेपर शेजारी ठेवा. कन्नड येत नसेल तर शेजारच्या काकांना विचारा, नाहीतर चिठ्ठ्या तशाही झाकायच्याच आहेत. सीमाप्रश्नावर दोन्हीकडं होडी काढली असेल, तर भोक कुणी पाडलंय आणि काठावर उभं राहून कोण बघतंय, एवढं ताडून घ्या. मग चेहरे बघायला हरकत नाही.