रंगावर जाऊ नका: वायरलेसला जीपीएस जोडताना

कोल्हापूरला समुद्र नाही, पण उद्यमनगरातल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींचे वायरलेस सेट येतात. डिप्लोमा करून मी इथं लागलो, तेव्हा पहिलं एकट्यानं करायचं काम मिळालं ते डीएससीवाला, म्हणजे बटण दाबून संकटाचा संदेश पाठवणारा, व्हीएचएफ रेडिओ सेट जीपीएसला जोडायचं. दोनच तर वायरी, चहा येईपर्यंत उरकतो म्हटलं.

दुपार गेली.

मी हिरवीला हिरवी, पिवळीला पिवळी जोडून मोकळा झालो होतो. म्हणजे दोघांच्याही बोलायच्याच वायरी एकमेकींना. ऐकणारं कुणीच नाही. मिस्त्री म्हणाले, "रंग भिंतीला बघायचा असतो रं!" जीपीएसचं आउटपुट प्लस रेडिओच्या इनपुट प्लसला, मायनस मायनसला. कुठल्या रंगाला काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. मॅन्युअल उघडल्याशिवाय वायर सोलू नका.

वायरी बदलल्या, तरी स्क्रीन कोरीच. मग मिस्त्रींनी रेडिओ बाजूला काढून जीपीएसचं आउटपुट थेट लॅपटॉपला दिलं. नुसता कचरा. ही यंत्रं ज्या भाषेत बोलतात त्या एनएमईए 0183 चा नेहमीचा वेग सेकंदाला 4800 बिट, आणि जीपीएसच्या मेनूत कुणीतरी एआयएससाठीचा (बोटींची ओळख नि जागा सांगणाऱ्या यंत्रणेचा) 38400 करून ठेवलेला. तो बदलला तशा ओळी सरळ आल्या. त्यातली आरएमसीची, म्हणजे वेळ नि जागा सांगणारी, ओळ बघायची. वेळेनंतर 'व्ही' अक्षर असेल तर जीपीएसला अजून जागा सापडलेली नाही. पत्र्याखाली कशी सापडणार? सगळं गच्चीवर नेलं, थोड्या वेळानं 'व्ही'चा 'ए' झाला. पुढं आकडा 1642 नं सुरू होणारा. हे कुठलं अक्षांश, मी हबकलोच. पहिले दोन अंक अंशाचे, पुढचे मिनिटांचे: 16 अंश 42 मिनिटं. रेखांश 74 अंश 14 मिनिटं. कोल्हापूरच की!

एवढा खटाटोप कशाला? जागा ठाऊक नसताना संकटाचं बटण दाबलं, तर चॅनल 70 वरून जाणाऱ्या संदेशात जागेच्या ठिकाणी नुसते नऊ-नऊ-नऊ जातात. बोट कुठली ते कळतं, कुठं आहे ते नाही. बोट कळते ती एमएमएसआय या नऊ आकडी नंबरावरून. भारताचे 419 नं सुरू होतात. तो बोटीला मिळालेलाच घालायचा, मनचा नाही, आणि दोनदा तपासून. बऱ्याच सेटमध्ये एकदा-दोनदाच घालता येतो, मग सेट कंपनीकडं. लाल झाकणाखालचं बटण टेस्टिंगला दाबायचं नाही, हे नवीन पोराला आम्ही स्क्रू ड्रायव्हर देण्याआधी सांगतो.

बोटीवर मात्र पीळ देऊन टेप मारलेला सांधा चालत नाही. खाऱ्या हवेनं तांबं हिरवं पडतं. सोल्डरचा डाग द्या, वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. आणि कुठली वायर कशाला, हे कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. पुढच्या खेपेला तो सेट तुमच्याच टेबलावर येणार असतो.