भूल देताना मुलाजवळ असणे पुरेसे नाही, तयारीने असावे लागते

आई किंवा वडील शेजारी उभे राहिले की मुलाची भीती आपोआप कमी होते, असा समज आहे. तो अपुरा आहे. अमेरिकेत झीव केन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या पालकांना काय बोलावे आणि काय टाळावे हे आधी शिकवले होते त्यांची मुले, पालक केवळ सोबत असलेल्या मुलांपेक्षा भूल घेताना शांत राहिली, शुद्धीवर येताना कमी बिथरली आणि त्यांना वेदनाशामकही कमी लागले.

तयारी घरीच सुरू करावी. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांकडे एक मास्क मागून घ्यावा आणि आधी बाहुलीला, मग स्वतःला, शेवटी मुलाला लावून फुगा फुगवण्याचा खेळ रोज खेळावा. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही आपल्या घरांतली धमकी कायमची बंद करावी. ‘तुला झोपवणार’ एवढेच सांगू नये, कारण ‘आजोबा झोपले’ असे ऐकलेले मूल त्याचा भलताच अर्थ लावते. ही झोप औषधाची असते, डॉक्टर पूर्ण वेळ जवळ असतात आणि काम झाले की जाग येते, हे सांगावे.

उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्याच पाळाव्यात. साधारणपणे साधे पाणी २ तास, आईचे दूध ४ तास आणि वरचे दूध किंवा बिस्किटे ६ तास आधी थांबवतात, कारण भुलीत पोटातले अन्न फुफ्फुसात जाऊ शकते. लेकराची दया येऊन आजीने घोटभर दूध पाजले असेल, तर ते न लपवता सांगावे. शस्त्रक्रिया पुढे गेली तरी चालेल.

ऑपरेशन थिएटरमध्ये पालकांना येऊ देतात का, हे आधी विचारावे आणि दोघांपैकी जो शांत राहू शकतो त्यानेच जावे. ‘घाबरू नकोस, काही होणार नाही’ असे सारखे म्हटल्याने मुलाला घाबरण्यासारखे काही आहे असेच वाटते. त्याऐवजी ठरलेली गोष्ट सांगावी, फुग्याच्या खेळाची आठवण द्यावी. भूल चढताना डोळे फिरतात, हातपाय हलतात, घोरल्यासारखा आवाज येतो. हे अपेक्षित असते. बाहेर जायला सांगितले की लगेच निघावे.

मूल जागे होताना आपल्याला बोलवावे, अशी विनंती आधीच करून ठेवावी. विशेषतः २ ते ५ वर्षांची काही मुले, सेव्होफ्लुरेनसारख्या भुलीच्या वायूनंतर, आईलाही न ओळखता लाथा झाडत रडतात. हे बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेव्हा हलवू नये, रागावू नये. सलाईनचा हात सांभाळत हळू आवाजात नाव घेत राहावे आणि दुखत असावे असे वाटल्यास परिचारिकेला सांगावे.

घरी आल्यावर काही दिवस मूल कदाचित झोपेत दचकेल, अंथरूण ओले करेल, पदर सोडणार नाही. यासाठी त्याला ओरडू नये. मात्र श्वासाला त्रास, रक्तस्राव, वारंवार उलट्या किंवा जागे करूनही न उठणे, यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.