उजव्या खांद्यावरचं उपरणं

शूटिंगच्या पहिल्या दिवशी ‘कंटिन्युटी तू बघ’, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते बघ, असं सांगितलं की नवख्याला वाटतं, हलकं काम गळ्यात पडलं. मलाही तसंच वाटलं होतं. मी छत्रपती संभाजीनगरला नाटकं करून आलेलो. नाटकात प्रसंग सलग घडतो, तांब्या जिथे ठेवला तिथेच राहतो. शूटिंगमध्ये सीन १४ आज, सीन १५ नऊ दिवसांनी, आणि गोष्टीत मात्र दोघांत फक्त उंबरा. ओसरीतून आत गेलेल्या माणसाचं उघडं बटण, पाठीवरचा घाम, सगळं तसंच दिसायला हवं. एवढं तुम्हाला माहीत असेलच.

मी फसलो ते एकाच सीनच्या आत.

बीड जिल्ह्यातलं माळवदाचं घर. म्हातारा बाप चहा पिता पिता ‘जमीन इकायची न्हाई’ म्हणतो. आधी मास्टर झाला, म्हणजे अख्खा सीन एका शॉटमध्ये. मी सुरुवातीलाच फोटो काढले: उपरणं डाव्या खांद्यावर, कप भरलेला. जेवणानंतर क्लोज लागला, म्हणजे त्याच सीनचा चेहऱ्याजवळून घ्यायचा शॉट. ड्रेसदादांना फोटो दाखवला, त्यांनी उपरणं डाव्या खांद्यावर टाकलं. मी निर्धास्त. पण मास्टरमध्ये ‘जमीन’ या शब्दावर नटाने कप खाली ठेवून उपरण्याने तोंड पुसलं होतं आणि ते उजव्या खांद्यावर टाकलं होतं. क्लोज नेमका त्या वाक्यानंतरचा होता.

एडिटिंगला जोड बसेना. त्या क्लोजमध्ये त्यांचे डोळे भरून आले होते. शेवटी मधे कटअवे, म्हणजे जोड झाकायला दुसरीकडचा शॉट, टाकावा लागला, अंगणातल्या शेळीचा. डोळे भरतात तो क्षण गेला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून फोटोवर विसंबू नका. फोटो वस्तू कुठे आहे ते सांगतो, ती कधी हलली ते सांगत नाही. संहितेच्या प्रतीत त्या शब्दावरच पेन्सिलीने लिहा: कप खाली, उजवा हात. ‘कट’ झाल्याबरोबर शेवटची स्थितीही टिपा. आणि तोच शॉट पुन्हा पुन्हा घेतात, नट अशा दर टेकला थोडं वेगळं करतो, तेव्हा दिग्दर्शकाने ओके केलेला टेक कोणता ते विचारून त्याच्याशीच जुळवा. मी तिसऱ्या टेकची नोंद पाचव्याला लावायचो. चूक दिसली तर नटाला मधेच टोकू नका, टेक संपल्यावर हळूच असिस्टंट दिग्दर्शकाच्या कानावर घाला.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट घेऊन हे येत नाही. पैसे वाचवा. ओरडणारे सीनियर गुरू असतात हेही मला पटत नाही, मला शिकवलं ते ड्रेसदादांनी, कपडे घडी करता करता.

घाबरू मात्र नका. याला उपजत बुद्धी लागत नाही, सवय लागते. घरात दोघांना चहा प्यायला बसवा, तोच संवाद मोबाईलवर आधी दोघं दिसतील असा आणि मग एकेकाच्या चेहऱ्यावरून घ्या, आणि जोडून बघा. दोन्ही शॉटमध्ये कप उचलण्याची पूर्ण क्रिया असू द्या, म्हणजे कापायला जागा मिळते. परवा परभणीच्या एका मुलीने असंच करून पाठवलं. तिसऱ्या खेपेला कप जुळला, बशी अजून उडी मारते. ती रविवारी परत करणार आहे.