एमजीबीचं सिल बदलताना या चुका टाळा

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. उघड्या टपाच्या रोडस्टरमध्ये तर गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुख्यतः दारांखालची दोन सिलं आणि गिअरबॉक्सवरचा बोगदा यांनीच एकत्र धरलेला असतो. त्यामुळे सिलचा गंज ही रंगकामाची बाब नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ सिलच्या पोकळीत शिरून पत्रा खातं. मुंबईत किंवा कोकणात ठेवलेल्या गाडीत तेच काम खारी हवा आणि पावसाळा करतात.

चांगला वेल्डर पैसे देऊन मिळतो. अशा कामाचा विचका होतो तो बहुतेक वेळा वेल्डिंगच्या आधी किंवा नंतर.

वरचा पत्रा बदलून मोकळं होणं

एमजीबीचं सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचं सिल, त्याच्या आत उभा मधला पडदा, मग आतलं सिल आणि खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी, असे भाग एकमेकांना जोडून ही पेटी तयार होते. बाहेरून भोक दिसतं तेव्हा आतले भाग बहुधा त्याआधीच गेलेले असतात. तपासायला जुना स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक पुरेसे आहेत. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी किंवा फायबर भरलेलं आहे. पुढच्या चाकामागे फेंडरच्या तळाशी चिखल साठतो, तिथून सुरुवात करा. मग सिलची दोन्ही टोकं, जॅक लावायची जागा, फ्लोअरच्या कडा, मागच्या लीफ स्प्रिंगच्या पाट्यांचं पुढचं टोक जिथे बसतं तो भाग आणि सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या पाहा. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा करकरला तर तो गेला असं समजा.

गंजलेल्या सिलवरच नवं कव्हर-सिल चढवून कडा वेल्ड करणं हा जुना, स्वस्त आणि घातक उपाय आहे. गंज आत तसाच चालू राहतो, दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि ताकद शून्य वाढते. अर्ध्या लांबीचं सिलही तसंच. मूळ सिल पुढे फेंडरच्या मागे आणि मागे क्वार्टर पॅनेलच्या, म्हणजे मागच्या फेंडरच्या, तळामागे पार चाकाच्या कमानीपर्यंत जातं. पुढचं फेंडर बोल्टवर आहे, ते उतरवता येतं. मागचं वेल्ड केलेलं आहे, म्हणून त्याचा खालचा तुकडा कापून नंतर दुरुस्तीचा तुकडा जोडावाच लागतो. हे कापणं टाळण्यासाठीच लोक अर्धं सिल लावतात. दुरुस्त केलेली गाडी विकत घेत असाल तर आधी फेंडरच्या मागे हात घालून पाहा.

आधार न देता कापणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती काम संपल्यावर कळते.

सिल कमकुवत झालेली रोडस्टर मधून खाली बसते. दाराचे दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, त्यामुळे दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. उलट गाडी मधोमध जॅकवर उचलली तर दोन्ही टोकं लोंबतात आणि वरची फट उघडते. या दोन्हीपैकी कुठल्याही स्थितीत नवं सिल वेल्ड झालं, की ती वाकडी स्थिती कायमची. मग बिजागरी कितीही सरकवा, दार नीट बसणार नाही.

क्रम असा ठेवा. काही कापण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करा. वजन पुढे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरवर आणि मागे अॅक्सलवर घ्या, म्हणजे ती चाकांवर उभी असल्यासारखीच राहील. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) सिलखाली किंवा फ्लोअरखाली लावू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर असतील तर बरं, कारण गाडी पुढे ते वजन घेऊनच चालणार आहे. दाराच्या जागेचे दोन्ही कर्ण मोजून मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. मग २५ मिमीचा चौकोनी पाइप बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत लावा. एक आडवा आणि एक तिरका हवा. तो असा बसवा की दार लावता-काढता येईल. गाडी आधीच बसलेली असेल तर अगोदर फटी सारख्या करा, साधारण ४-५ मिमी, आणि मगच पाइप पक्का करा.

एका वेळी एकच बाजू. एक पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय दुसरीला ग्राइंडर लावायचा नाही. नवे भाग आधी शिकंज्यांनी नुसते धरा, दार लावून फट पाहा, थोडे टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा, पुन्हा दार लावून पाहा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नवा भाग जुन्यावर ठेवून पाहिल्याशिवाय जुना कापू नये, हेही यातच आलं. ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर एमजीबीचे भाग बनवते. १९८८पासून पूर्ण बॉडीशेलही मिळते. त्याहून स्वस्त भाग बाजारात आहेत, पण त्यांच्या कडा जुळवण्यात वाचलेले पैसे मजुरीत जातात.

वेल्डिंगच्या वेळी

बाहेरचा पत्रा साधारण ०.९ मिमी आणि ताकदीचे भाग १.२ मिमीचे. याला २.५ मिमीचा रॉड घेऊन आर्क वेल्डिंग करणारं गॅरेज दिसलं तर गाडी परत आणा. मिग, म्हणजे आपल्याकडचं सीओटू वेल्डिंग, हवं, ०.६ मिमीची तार आणि आर्गॉनमिश्रित गॅस. नुसत्या सीओटूवर काम होतं, पण शिंतोडे जास्त उडतात आणि पातळ पत्र्याला भोकं पडायची भीती वाढते. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची तार या कामाला फार गरम. मशीन त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर लावून घ्या आणि तुकडा मागून पाहा. मागे रेघ उमटली नसेल तर वेल्ड नुसता वर बसलाय.

पत्र्याला एकामागोमाग भोकं पडत असतील तर करंट कमी करण्याआधी कडा पाहा. गंजाने पातळ झालेल्या कडेला वेल्ड धरतच नाही. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे कापा. वेल्ड स्पंजासारखा सच्छिद्र येत असेल तर बहुधा रंग, गंज किंवा जुना सीलर राहिलाय, नाहीतर पंख्याचा वारा गॅस उडवतोय. सांध्याच्या दोन्ही बाजू २५ मिमी तरी उघड्या करा, शक्य असेल तिथे मागूनही.

सपाट पत्र्यावर लांब रेघ ओढली की पत्रा लाटांसारखा होतो. तिथे दोन कडांमध्ये साधारण १ मिमी फट ठेवून टाके मारा, एक इथे तर पुढचा दूर, आणि मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. ओलं फडकं लावून घाई करू नका. ग्राइंडरही उष्णताच देतो. टाका घासताना पत्रा निळा पडला की थांबा.

कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे भोक वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडा, साधारण मूळ स्पॉटइतक्याच अंतरावर. झिंक प्रायमर दोन पत्र्यांच्या मधे लावा, पण भोकातला खरवडून काढा. झिंकचा धूर घशात जाऊ देऊ नका. सीटबेल्ट आणि सस्पेन्शनच्या माउंटिंगपासून ३० सेंमीच्या आतल्या दुरुस्तीकडे एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणारी ब्रिटनची तपासणी, काटेकोरपणे पाहते. मूळ जोड स्पॉटचा नसेल तर तिथे तुटक टाके चालत नाहीत, सलग वेल्ड लागतो. चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना आता ही तपासणी बंधनकारक नाही. म्हणून तर स्वतः जास्त नीट पाहायला हवं.

आग आणि वीज

सिलमध्ये पूर्वी मेण फवारलेलं असेल तर ते आतल्या आत पेटतं आणि बाहेरून फक्त धूर दिसतो. गालिचा, सीट आणि फ्लोअरवरचं डांबरी अस्तर आधी काढा. पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या, बॅटरीची जाड केबल कुठून जाते ते गाडीखाली शिरून पाहा. डिकीकडे काम असेल तर टाकी उतरवून दूर ठेवा; रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या पेट्रोलपेक्षा धोकादायक. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम थांबल्यावर अर्धा तास तरी गाडी सोडून जाऊ नका.

बॅटरी सोडवा, अल्टरनेटर असेल तर त्याच्या वायरही. १९६७पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, परत जोडताना ते लक्षात ठेवा. वेल्डिंगच्या अर्थचा चिमटा टाक्याच्या जवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

नुसत्या प्रायमरवर गाडी ठेवणं

साधा प्रायमर पाणी पितो. तशी गाडी पावसाळाभर शेडखाली उभी राहिली तर रंगाआधीच खालून गंज सुरू. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारा, पुट्टी त्यावर, आणि तीही ३ मिमीच्या आत. जास्त लागत असेल तर पत्रा ठोकून सरळ करायचा राहिलाय. गंज बदलणारं फॉस्फोरिक आम्ल वरच्या गंजावर चालतं, खड्डे पडलेल्या पत्र्यावर नाही, आणि उरलेलं आम्ल धुतलं नाही तर रंग उचलतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगातलं आयसोसायनेट हे विषारी रसायन कापडी मास्कने अडत नाही. बाहेरून हवा येणारा मास्क हवा, नाहीतर हे काम रंगाऱ्याला द्या.

सांधे सीलरने भरताना सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने पोकळीत मेण फवारा, दोन्ही टोकांकडून, आणि ते खालच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. ठिबकणं थांबलं की तार घालून भोकं मोकळी करा.