एसएसबीमध्ये रोल मॉडेल विचारला तर : व्हाईस अ‍ॅडमिरल आवटींचं करिअर वाचताना

एनडीए, सीडीएस, टेन प्लस टू बीटेक या सैन्यात ऑफिसर होण्याच्या वाटांमधला फरक आणि एसएसबीचे, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या निवड चाचण्यांचे, पाच दिवस तुम्हाला माहिती आहेत असं धरून लिहितोय. मला बोलायचंय ते एकाच प्रश्नाबद्दल, 'तुझा रोल मॉडेल कोण?', कारण मी तिथेच अडकलो आणि आजही तो इंटरव्ह्यू आठवला की पोटात गोळा येतो.

क्लासमध्ये आम्हाला उत्तर पाठच करून दिलं होतं. व्हाईस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी, जन्म १९२७, १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्टाचे कमांडिंग ऑफिसर, वीरचक्र, परमविशिष्ट सेवा पदक, वेस्टर्न नेव्हल कमांडचे प्रमुख, १९८३ ला रिटायर. मी धडाधड म्हणून दाखवलं. समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं, कामोर्टा कोणत्या कामासाठी बनवलेलं जहाज? ते बंगालच्या उपसागरात नेमकं काय करत होतं? आणि तुला यांच्यातलं काय घ्यावंसं वाटतं? पहिल्या दोन प्रश्नांना गप्प, तिसऱ्याला 'धैर्य, सर'.

आता नीट ऐका, माझी माहिती चुकीची नव्हती. सगळं बरोबर होतं, पण माझ्याकडे फक्त शेवटचा निकाल होता, मधलं काम काहीच नव्हतं. कामोर्टा हे रशियन बनावटीचं, पाणबुड्या शोधून मारण्यासाठीचं जहाज. डिसेंबर १९७१ मध्ये ते विमानवाहू जहाज विक्रांतसोबत ईस्टर्न फ्लीटमध्ये होतं आणि फ्लीटचं काम होतं पूर्व पाकिस्तानची समुद्राकडून नाकेबंदी, म्हणजे तिथल्या सैन्याला समुद्रातून ना रसद मिळाली पाहिजे ना पळायची वाट. पाण्यात सुरुंगांचा धोका, पाणबुडीची भीती, आणि अशा पाण्यात एक-दोन तास नाही तर दिवसच्या दिवस जहाज आणि माणसं कामावर ठेवायची. धैर्य म्हणजे हे, आणि हे कळलं असतं तर तिसऱ्या प्रश्नाला माझं स्वतःचं काहीतरी उत्तर आलं असतं.

आणि हे फक्त इंटरव्ह्यूपुरतं नाहीये. वॅटमध्ये, म्हणजे शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायच्या टेस्टमध्ये, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, तिथे उसना माणूस उभा करायला वेळच नसतो, तुम्ही जसे असता तसे उतरता. मग पीआयक्यूत (स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) लिहिलेलं, सायकॉलॉजीच्या टेस्टमध्ये उतरलेलं आणि जीटीओच्या (गटाच्या टास्क घेणाऱ्या ऑफिसरच्या) मैदानावर दिसलेलं हे सगळं कॉन्फरन्सला, म्हणजे बोर्डाच्या शेवटच्या बैठकीत, शेजारी शेजारी ठेवलं जातं. पाठ केलेला हिरो तिथे तुमच्याशी जुळत नाही. त्यामुळे छापील रोल मॉडेल देणाऱ्या क्लासचे पैसे वाचवा, हे माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तरी चालेल. लेखी परीक्षेसाठी लावा हवा तर क्लास, गणिताचा सराव होतो.

मला स्वतःला आवटी सर खरे उमगले ते त्यांच्या रिटायरमेंटनंतरच्या कामातून. फलटणजवळ विंचुर्णीला राहत होते, आणि डोक्यात एकच, भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. नेव्हीने माणूस शोधला, कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, म्हादेई ही शिडाची बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली आणि बोट तयार होताना दोंदे स्वतः तिथे राबले. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन असे थांबे घेत मे २०१० मध्ये परत. मग अभिलाष टॉमी, २०१२-१३, कुठेही न थांबता. पुढे २०१७-१८ मध्ये तारिणी या बोटीवरून सहा महिला ऑफिसर. दोंदेंना शौर्यचक्र, टॉमींना कीर्तिचक्र, आणि या सगळ्यामागे आवटी. मेंटॉर असा असावा, जो तुम्हाला उत्तर देत नाही, बोट बांधायला लावतो. मला नंतर असे एक निवृत्त सर भेटले, ते प्रत्येक वाक्यावर फक्त 'का?' विचारायचे, चिडायला व्हायचं, पण इंजिनिअरिंगनंतर सीडीएसमधून झालेलं माझं रेकमेंडेशन (बोर्डाने केलेली निवड) त्या 'का'मुळेच आहे असं मी मानतो.

पदकांबद्दल पटकन: वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, परमविशिष्ट सेवा पदक अतिउच्च दर्जाच्या सेवेसाठी. दोन्ही 'शौर्य पदकं' म्हणून सांगू नका, लगेच पकडतात. आणि डोळे, कान, दात फॉर्म भरायच्या आधीच तपासून घ्या, यात आशेवर राहू नका, मेडिकलमध्ये बाहेर पडलेले हुशार मित्र मी पाहिलेत.

घाबरू मात्र नका. एकदा कॉन्फरन्स आऊट झालात, म्हणजे शेवटपर्यंत जाऊन निवड झाली नाही, म्हणून तुम्ही ऑफिसर मटेरियल नाही असं अजिबात नाही, बोर्डाला तुम्ही दिसलाच नसाल, तुमचं पाठांतर दिसलं असेल. आवटी आवडत नसतील तर दुसरं कोणी घ्या, एनसीसीतले तुमचे सीनियर घ्या, तेही चालतं. फक्त त्या माणसाचं एक काम असं निवडा की त्यावर कोणी सलग पाच वेळा 'का' विचारलं तरी तुम्हाला सांगायला काहीतरी उरेल. आजच पीआयक्यूचा नमुना भरून मित्राच्या हातात द्या, आणि त्याला सांगा, दया दाखवू नकोस.