व्यक्तिमत्त्व चाचणीवरून करिअर कसं निवडावं

बारावीनंतर मोबाईलवर सोळा प्रकारांची (एमबीटीआय पद्धतीची) स्वभावाची चाचणी भरायची, निकालात स्वभाव सांगणारी चार इंग्रजी अक्षरं आली की "मी अंतर्मुख, म्हणजे मला मार्केटिंग जमणार नाही" असं ठरवून मोकळं व्हायचं. हे करू नका. ही पद्धत स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीवरून निघाली. त्यात माणूस अंतर्मुख-बहिर्मुख यांच्यामधल्या रेषेच्या थोडक्यानं अलीकडे असो की पलीकडे, शिक्का पूर्ण बसतो. महिन्याभरानं परत भरली तर अक्षर बदलू शकतं.

त्यापेक्षा कामाच्या आवडीची चाचणी घ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेले सहा गट आहेत: हातानं काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढा असणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन विकणारे-चालवणारे आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणारे. याच सहा गटांवरची, अमेरिकी कामगार खात्याच्या 'ओ-नेट' या संकेतस्थळावरची ६० प्रश्नांची चाचणी फुकट आहे.

एकट्यानं भरा. पगार, मान आणि वडिलांची इच्छा बाजूला ठेवून उत्तरं द्या. सगळ्यात जास्त गुण मिळालेले तीन गट लिहून घ्या. एक-दोन गुणांचा फरक असेल तर तो फरक धरू नका.

आता खरी अडचण. निकालासोबत व्यवसायांची यादी येते, ती अमेरिकेची. शिवाय आपल्याकडे कामाऐवजी पदवी नाहीतर पद निवडलं जातं, आणि इथंच सगळं फसतं. बी.एस्सी. ॲग्रीच घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात संशोधनाला गेलात तर प्लॉटवर झाडं मोजायची आणि आकडे तपासायचे. कृषी सहायक झालात तर गावोगाव बैठका, योजनांचे अर्ज. जालन्याच्या बियाणे कंपनीत विक्रीला लागलात तर दुकानदार आणि टार्गेट. पदवी एक, पण स्वभाव तीन वेगळे लागतात. तलाठ्याचंही तेच. सातबारा-फेरफार नोंदी ठेवणाऱ्याला शोभतो, पण गारपीट झाली की बांधावर पंचनाम्याला उभं राहून चिडलेल्या शेतकऱ्याशी बोलावं लागतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आवडतो म्हणजे ते पद आवडेल, हा तर सगळ्यात महागडा गैरसमज.

म्हणून त्या कामात तीन-चार वर्षं काढलेली दोन-तीन माणसं गाठा. साहेब नको, क्लासवाले तर नकोच. "नोकरी कशीय?" विचारलं की "चांगलीय" एवढंच मिळतं. "काल सकाळपासून काय काय केलं?" असं विचारा आणि तासानुसार लिहून घ्या. प्रत्येक तासापुढे सहापैकी गट लिहा. निम्म्याहून जास्त तास तुमच्या तळाच्या दोन गटांत पडले तर ते काम यादीतून काढा, मग पगार कितीही असो.

आवड म्हणजे कुवत नव्हे. मार्क, फी आणि प्रवेशाची शक्यता यांचे रकाने वेगळे मांडा.

वाळूजच्या कारखान्यात आत सोडत नसतील तर शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा. दमलेला ऑपरेटर कालचा दिवस नीट सांगतो.